पट्टी आधी कुणासाठी?

मावशी परकराची नाडी दर पंधरवड्याला थोडी सैल बांधायची. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र फुगलेलं. नागपूरच्या इतवारीतल्या घरी सगळे म्हणायचे, वय झालं, गॅस होतो. डॉक्टर सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहिले. सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी साचलं होतं आणि अंडाशयाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात पोचला होता.

म्हणून परवा धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात कालवलं. "ताई, बोटातल्या रक्ताच्या थेंबावर अंडाशयाचा कॅन्सर कळणारी स्वस्त पट्टी येऊ घातलीय. आली की नंदनवनात मंडळाचं शिबिर लावतो, मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया तपासून घेऊ." तळमळ मावशीचीच, मला कळते. तरी मी नको म्हटलं.

पट्टी रक्तातली साखर मोजायच्या पट्टीची बहीणच. कार्बनच्या शाईने छापलेल्या इलेक्ट्रोडवर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच धरणारा रेणू, बसवतात. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारं रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन तिला चिकटलं की विद्युतप्रवाह बदलतो, तो मोजायचा. पण पट्टी कितीही स्वस्त झाली तरी सीए-१२५ तेच राहतं. पाळीत, फायब्रॉइडमध्ये म्हणजे गर्भाशयाच्या साध्या गाठींत, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या एंडोमेट्रिओसिसमध्येही ते वाढतं. पोटाच्या टीबीतही वाढतं, आणि टीबी आपल्याकडे काय कमी आहे? उलट पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते वाढलेलं नसतं.

मी राहते त्या ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त निरोगी बायकांवर याचा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ची तपासणी, काहींची सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ साली निकाल आला: तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. भावाला मी हिशेब करून दाखवला. समजा अडीच हजार बायकांत एकीला हा आजार आहे आणि तपासणी निरोगी बाईला शंभरात दोनदाच चुकून आजारी ठरवते. म्हणजे त्या एकीमागे पन्नास जणींची झोप उडणार, आणि त्यातल्या काही विनाकारण ऑपरेशन टेबलावर जाणार.

इथे मग करतात काय? गेल्या वर्षी माझं पोट तीन आठवडे जड होतं. जीपी बाईंनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, विचारलं, महिन्यातून किती दिवस फुगतं? दोन घासांत पोट भरतं का? लघवीला सारखं जावं लागतं का? आणि लगेच सीए-१२५साठी रक्त घेतलं. आकडा ३५ किंवा वर गेला तर सोनोग्राफी, अशी इथली २०११पासूनची पद्धत होती. माझा खाली आला, तरी "त्रास राहिला तर परत या" असं त्यांनी दोनदा बजावलं. इथलं सगळं छान आहे असं नाही. सोनोग्राफीला आठवडे थांबावं लागतं, नागपुरात धंतोलीत पैसे मोजले की त्याच संध्याकाळी होते. पण पन्नाशीच्या बाईचं फुगलेलं पोट इथे प्रश्न विचारल्याशिवाय गॅसच्या गोळीवर जाऊ नये, अशी अपेक्षा तरी असते. मावशीला हे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत.

पट्टी मला हवीच आहे, पण शिबिराच्या मांडवात नको. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रात, जिथून रक्ताचा नमुना गाडीने जातो आणि रिपोर्ट यायला दिवस लागतात, तिथल्या टेबलावर हवी. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या बाईसाठी.

भाऊ म्हणाला, मग यंदा शिबिरात काय करू? मी म्हटलं, जीपी बाईंचे ते तीन प्रश्न कागदावर छाप आणि आशाताईंच्या हाती दे. आणि ज्यांचं उत्तर हो येईल, त्यांची सोनोग्राफी त्याच आठवड्यात कुठे होईल ते आधी ठरव. तो मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात, विचारून येतो म्हणालाय.