शिक्षक मतदारसंघाबाहेरचा शिक्षक

शिक्षक मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटतो. विधान परिषदेतल्या शिक्षकांच्या 7 जागांवर खरे शिक्षक किती, संस्थाचालक किती, आणि या जागा हव्यातच कशाला? मालवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवणारी माझी वहिनी एवढंच लिहिते, "मला कुठं मत आहे?" खरं आहे तिचं. राज्यघटनेच्या 171व्या कलमानुसार तिथे मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे, असं बंधन मात्र नाही.

मी आयर्लंडमध्ये, कॉर्कला राहतो. इथल्या टर्नर्स क्रॉस भागात वाढलेले मीहॉल मार्टिन जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. वडील बसचालक आणि बॉक्सर. मार्टिन माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायचे. 1985 मध्ये नगरसेवक झाले, 1987 ला संसदेची निवडणूक हरले, 1989 ला जिंकले. यातली एकही निवडणूक 'शिक्षकांची' नव्हती. बंदरावरचा कामगार, दुकानदार, निवृत्त आजी, सगळ्यांच्या दारात जाऊन मतं मागावी लागली.

1997 ते 2000 ते शिक्षणमंत्री होते. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते आरोग्यमंत्री म्हणून केलेलं काम. 29 मार्च 2004 पासून आयर्लंडने कामाच्या सगळ्या जागी, पबमध्येसुद्धा, धूम्रपान बंद केलं. देशभर अशी सरसकट बंदी आणणारा हा जगातला पहिला देश. पबमालक खवळले, स्वपक्षातले लोकही कुरकुरले, पण मार्टिन मागे हटले नाहीत. आजही इथल्या भुरभुर पावसात पबच्या दाराबाहेर खांदे आखडून सिगारेट ओढणारी माणसं दिसतात, आणि आत काउंटरमागे ग्लास भरणारी मुलगी आठ तास धूर न गिळता काम करत असते.

त्यांच्या कारकिर्दीला डाग नाहीत, असं नव्हे. 2008 च्या बँक कोसळणीत ते मंत्रिमंडळात होते. त्याची किंमत त्यांच्या फियाना फॉल पक्षाने 2011 मध्ये अवघ्या 20 जागांवर येऊन मोजली, तीही ते नुकतेच पक्षप्रमुख झालेले असताना. तिथून सावरत 2020 मध्ये त्यांनी 1922-23 च्या यादवीपासूनच्या विरोधी पक्षाशी, फिने गेलशी, आघाडी केली आणि ठरल्याप्रमाणे अडीच वर्षांनी पंतप्रधानपद त्या पक्षाच्या लिओ वराडकरांना दिलं. वराडकरांचे वडील मूळचे वराडचे, म्हणजे वहिनीच्याच तालुक्यातले.

स्थानिक निवडणुकीत इथे नागरिकत्व नसलेल्या रहिवाशालाही मत आहे. जून 2024 मध्ये मतपत्रिका हातात आली तेव्हा मी ती निवांत वाचली. फोटो, नाव, पक्ष आणि शिवाय उमेदवाराचा व्यवसाय. नावांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा.

आपल्याकडे शिक्षक निवडणूक घेतो, लढवत नाही. केंद्राध्यक्ष म्हणून यंत्र सांभाळायचं, मतदारयादीसाठी उन्हात घरोघर फिरायचं, पण वहिनीसारखीला उभं राहायचं तर आधी नोकरी सोडायची. आयर्लंडमध्ये निवडून गेलेल्या शिक्षकाची शाळेतली नोकरी राखून ठेवत असत. त्यावर टीकाही झाली. एंडा केनी चारेक वर्षं शिकवून 1975 मध्ये संसदेत गेले होते. 2011 मध्ये पंतप्रधान होण्याआधी त्यांना या सवलतीमुळे साठत गेलेलं शिक्षकाचं पेन्शन सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं.

माझं मत ग्रुपवर कुणाला पटत नाही, तरी इथे लिहितो. शिक्षक मतदारसंघातला आमदार वेतन आणि अनुदानातच अडकतो, आणि बाकीचे आमदार शाळांचा प्रश्न त्याच्यावर ढकलून मोकळे होतात. आपल्याकडे मधू दंडवते होते की! भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, राजापूरच्या सर्वसामान्य मतदारांनी 1971 पासून पाच वेळा लोकसभेत पाठवलेले. रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली.

तेव्हा त्या 7 जागा राहोत वा जावोत, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला निवडणुकीसाठी बिनपगारी रजा मिळाली पाहिजे. वर्गात पक्ष शिरेल ही भीती खोटी नाही. म्हणून रजा उमेदवारी अर्जाच्या दिवसापासून लागू करा, निवडून आला तर पगार आणि पेन्शनची वर्षं थांबवा, पडला तर दुसऱ्या तालुक्यात नेमणूक द्या. पण नोकरी काढून घेऊ नका.