हायब्रीड म्हणजे जीएम नव्हे: बियाण्यांवरच्या त्या मेसेजला उत्तर

‘हायब्रीड भाजी म्हणजे जीएम भाजी. हायब्रीड बी नपुंसक केलेलं असतं, दुसऱ्या वर्षी उगवत नाही. घरचं बी राखायला कायद्यानं बंदी आली आहे. बिनबियांची फळं इंजेक्शन देऊन बनवतात. देशी बी लावा, रोग येणारच नाही. पुढे पाठवा.’

हा मेसेज गेला आठवडाभर नागपुरातल्या माझ्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. परवा काटोलहून काकांचा फोन आला, ‘हे खरं हाये का रे बाबू?’ मेसेज वाचून त्यांनी वांग्याची रोपं टाकायचं थांबवलं होतं. एका हंगामाचा प्रश्न आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊन सविस्तर लिहितो.

हायब्रीड म्हणजे संकरित. एकाच पिकाचे दोन निवडलेले वाण घ्यायचे, एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर टाकायचा आणि त्या फळातलं बी विकायचं, इतकंच. जीएममध्ये प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक पिकात घातलं जातं. भारतात कायदेशीरपणे व्यापारी लागवडीत असलेलं जीएम पीक एकच आहे, 2002 पासूनचा बीटी कापूस (बीटी म्हणजे किडीला मारणारं एका जिवाणूचं जनुक घातलेलं). बीटी वांग्याला 2009 मध्ये तज्ज्ञ समितीनं हिरवा कंदील दिला होता, पण 9 फेब्रुवारी 2010 रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. त्याआधी त्यांनी देशातल्या ज्या शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत आपलं नागपूरही होतं. ती स्थगिती उठलेली नाही. 2019 मध्ये हरियाणात एका शेतात चोरट्या मार्गानं आलेलं बीटी वांगं सापडलं, तेव्हा ते पीक उपटून टाकावं लागलं. म्हणजे चोरीची शक्यता शून्य नाही. पण परवान्याच्या दुकानातलं संकरित वांग्याचं पाकीट जीएम नसतं.

‘नपुंसक’ या शब्दाचा मला सर्वांत जास्त राग आला, कारण हे बी कोणाच्या हातून तयार होतं ते मी पाहिलेलं आहे. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटच्या रांगाच रांगा दिसतात. आत बाया बसलेल्या असतात. टोमॅटोची, आमच्याकडच्या बोलीत भेदऱ्याची, उमलायच्या बेतातली कळी चिमट्यानं उघडायची, पुंकेसर अलगद काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी नर वाणाचा पराग त्या फुलाला लावायचा. प्रत्येक फुलाला, हातानं. पाकीट महाग असतं त्यात या मजुरीचा मोठा वाटा आहे.

त्या बियातून आलेल्या फळातलं बी उगवतं, आणि चांगलं उगवतं. अडचण वेगळी आहे. पहिल्या पिढीत सगळी झाडं सारखी असतात, दुसऱ्या पिढीत आईबापांचे गुण पुन्हा वेगवेगळे होतात. रोगाचा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असेल, तर साधारण चारातलं एक झाड त्या प्रतिकाराशिवाय निघतं. फळांचा आकार, रंग, तोडणीची वेळ सगळं विस्कळीत होतं आणि बाजारात भाव पडतो. म्हणून शेतकरी दरवर्षी नवं पाकीट घेतो. त्याचा खर्च जाचतो, ही तक्रार खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. मात्र उगवणच होऊ न देणारं तथाकथित ‘टर्मिनेटर’ बियाणं जगात कुठेही विक्रीला आलेलं नाही. 1998 मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं, जगभर विरोध झाला, आणि आपल्या 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात अशा वाणाची नोंदणीच नाकारली आहे.

त्याच कायद्याचं कलम 39 काकांना फोनवर वाचून दाखवलं. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखता येतं, पुन्हा पेरता येतं, देता-घेता येतं, वाटता येतं, विकताही येतं. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही, एवढीच अट. शिवाय नोंदणी झालेला वाण सांगितल्याप्रमाणे निघाला नाही तर भरपाई मागण्याची सोयही त्याच कलमात आहे. बंदी आली म्हणणारा मेसेज लोकांना आपला हक्कच विसरायला लावतो.

इंजेक्शनचं फार लांबवत नाही. बिनबियांचं कलिंगड दोन वेगळ्या गुणसूत्रसंख्येच्या झाडांच्या संकरातून येतं, बिनबियांची द्राक्षं वेलीच्या नैसर्गिक गुणामुळे. नागपुरी संत्र्याचाही बिनबियांचा वाण आपल्याच अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं दिला आहे. तो डोळा बांधूनच, म्हणजे फांदीवरची कळी दुसऱ्या रोपाच्या खोडात बसवून वाढवतात, जसा नेहमीचा संत्रा वाढवतात.

संत्र्याचा विषय निघालाच आहे तर भीती खरी कुठे बाळगायला हवी ते सांगतो. आमच्या घरी एका रोपवाटिकेतून आणलेल्या कलमांपैकी निम्मी झाडं पाचव्या वर्षी, ऐन फळावर यायच्या वेळी, डिंक्यानं गेली. खोडातून डिंक गळायचा, पानं पिवळी पडायची आणि झाड बसायचं. हा फायटोफ्थोरा बुरशीचा रोग रोपवाटिकेच्या मातीतून, पिशवीतल्या मातीसकट बागेत येतो. डोळा कोणत्या झाडाचा, खुंट (ज्या रोपावर डोळा बांधतात ते) जंबेरीचा की आणखी कशाचा, माती निर्जंतुक केली होती का, डोळा जमिनीपासून निदान वीतभर उंच बांधला का, यातलं वडिलांनी काहीच विचारलं नव्हतं. पाच वर्षं गेली आणि दाद मागायला हातात साधी पावतीही नव्हती. या गोष्टीचा मेसेज मला कधीच आलेला नाही.

‘देशी बी लावा, रोग येणारच नाही’ हे वाक्य सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. भेंडीचा केवडा, म्हणजे पिवळ्या शिरांचा विषाणू, घरच्या बियालाही सोडत नाही. त्यावर परभणीच्या कृषी विद्यापीठानं भेंडीचा रानटी जातीशी संकर केला आणि पुढच्या पिढ्यांत निवड करत ‘परभणी क्रांती’ काढली. तो सरळ वाण आहे, म्हणजे पुढच्या पिढीतही तसाच निघणारा, त्यामुळे त्याचं बी घरी राखता येतं. विषाणू बदलत गेला तशी तिची ताकदही पुढे उणावली, म्हणून पैदास थांबवून चालत नाही. सरकारी संस्थांनी असे सरळ वाण आणखी काढावेत ही मागणी मी मनापासून करतो. भाजीला पहिल्यासारखी चव नाही, ही लोकांची तक्रारही खोटी नाही. टोमॅटो एकसारखा लाल व्हावा म्हणून पैदासकारांनी जो गुण निवडला, त्यानं फळातली साखर कमी केली, हे 2012 मध्ये संशोधनातून दाखवलं गेलं. पण हा दोष संकराचा नाही. निवड करताना चव मोजलीच नाही, त्याचा आहे.

आमच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव राखलं जातं, बी शुद्ध राहत नाही. शेजारी दुसरी मिरची असली की माश्या पराग इकडून तिकडे नेतात आणि दोन-चार हंगामांत भिवापुरीचा लालभडक रंग फिका पडतो.

काकांना सांगितलं, वांग्याचं पाकीट घ्या, पावती आणि टॅग जपून ठेवा. आधी शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळा, चौदा दिवसांत सत्तर तरी उगवायला हव्यात. भिवापुरीच्या दोन ओळी आहेत त्यांचं बी मात्र घरचंच धरा. पहिल्या तोड्याआधी चुरडामुरडा (पानं आकसण्याचा रोग) नसलेल्या, भरपूर धरलेल्या पंधरावीस झाडांना सुतळी बांधा आणि पुढची फुलं उमलण्याआधी त्यांच्यावर जाळी टाका. रविवारी मी जाळी घेऊन काटोलला जातो आहे.