साखर मोजता येते, वैताग कसा मोजणार? – एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (वय ७१ लिहिलंय तुम्ही म्हणून काका म्हणतेय, राग नसावा), शुगरचा वैताग मोजणाऱ्या १७ प्रश्नांच्या फॉर्मवर मी लेख लिहिला होता, त्याखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. म्हणजे साखर रक्तात असते म्हणून मोजता येते, मन कसलं १७ प्रश्नांत मोजताय, ही सगळी अमेरिकन थेरं, आणि तुमच्या आईने ३० वर्षं शुगर सांभाळली तेव्हा तिला कोणी फॉर्म दिला नव्हता. बरोबर ना?

अमेरिकन आहे हे खरंच. पोलोन्स्की, फिशर वगैरे संशोधक मंडळींनी २००५ साली हा फॉर्म, म्हणजे डायबेटिस डिस्ट्रेस स्केल, आणलं. पण प्रश्न तरी वाचा, त्यातला एक साधारण असा आहे की घरचे, मित्रमंडळी पथ्याला साथ देत नाहीत, नको ते खायला लावतात, याचा किती त्रास होतो ते १ ते ६ मध्ये सांगा. आता हा प्रश्न आपल्याकडच्या बारशा-हळदीकुंकवालाच बसून लिहिलाय असं वाटतं की नाही? "एका पुरणपोळीने काय होतंय" म्हणणारी मावशीच दुसऱ्या दिवशी "शुगर आहे ना, मग भात कशाला घेतलास" विचारते.

एक चूक मात्र माझी, ती तुम्ही बरोबर पकडलीत. लेखात ताण आणि डिप्रेशन मी एकाच पोत्यात भरलं. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली वापरतात, त्यात थकवा, झोप, भूक पण विचारतात, आणि शुगर चढलेली असली की तसाही थकवा येतो, लघवीला रात्री चारदा उठावं लागतं, म्हणजे माणूस उदास नसला तरी मार्क वाढायचे. वरचं स्केल फक्त शुगरच्या रोजच्या कटकटीचा वैताग विचारतं.

आता माझ्या आईचं सांगते. पहिल्यांदा फॉर्म भरताना मी शेजारीच बसले होते, तिने घरच्यांबद्दलच्या तिन्ही प्रश्नांना १ दिला, म्हणजे काहीच त्रास नाही. आठवड्याने चष्मा लावून एकटीने भरला तेव्हा ५, ४, ५. एकूण बेरीज ३९, भागिले १७ म्हणजे २.३, हा मध्यमच धरतात (३ आणि वर गेला की जास्त), पण घरच्यांचा सरासरी आकडा ४.७! डॉक्टरबद्दल तिची काही तक्रार नव्हती, औषधांबद्दलही फारशी नाही, तक्रार होती ती माझ्याबद्दल, कारण रोज सकाळी दात घासायच्या आधी "किती आली गं?" मीच विचारायचे, आणि १८० म्हटलं की माझा चेहरा पडायचा.

मन मोजलं असं मी म्हणतच नाही, पण कुठे टोचतंय ते कळलं, आणि तोंडाने ती हे मला कधीच बोलली नसती.

तुम्ही विचारलंय शुगर कमी झाली का. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८.४ होतं, आता ८.१ आहे, पण मधे डॉक्टरांनी गोळीचा डोसही वाढवलाय, त्यामुळे याचं श्रेय फॉर्मला देऊ नका. मी सकाळी विचारणं बंद केलंय. बुधवारी तिनेच हाक मारून सांगितलं, "आज २१० आलीय, काल लग्नात जिलबी खाल्ली, दोन खाल्ल्या."