‘प्रेमा म्हणजे नुसता पैसा’: एका घट्ट बसलेल्या समजाचा प्रतिवाद

फॉर्म्युला २ आणि फॉर्म्युला ३ (फॉर्म्युला १च्या खालच्या पायऱ्या) बघणाऱ्यांमध्ये इटलीच्या प्रेमा रेसिंग या टीमबद्दल एक समज घट्ट बसला आहे आणि दर हंगामात तो नव्याने पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: फॉर्म्युला १ ड्रायव्हर लॅन्स स्ट्रॉलच्या अब्जाधीश वडिलांनी पैसा ओतला तेव्हापासून ही टीम जिंकायला लागली. सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या असतात, त्यामुळे टीमचं कर्तृत्व काहीच नाही. फेरारी आणि मर्सिडीज त्यांना तयार ड्रायव्हर पुरवतात. आणि त्या गाडीत कुणीही बसला तरी चॅम्पियन होतो. शेवटी मुंबईचा ड्रायव्हर जेहान दारूवाला याचं नाव घेतलं जातं: तिथे जाऊनही तो चॅम्पियन झाला नाही, म्हणजे त्याच्यातच दम नव्हता.

हे मुद्दे एकमेकांनाच छेद देतात. ड्रायव्हरमुळे जिंकतात म्हणायचं आणि गाडीत कुणीही बसवा म्हणायचं, हे एका दमात जमत नाही. पण तेवढ्यावर सोडून देण्यापेक्षा एकेक मुद्दा निकालांवर तपासून बघणं बरं.

“स्ट्रॉलच्या पैशाने टीम उभी राहिली”

टीम १९८३ची आहे. अँजेलो रोझिन आणि जॉर्जिओ पिक्कोलो यांनी ती इटालियन फॉर्म्युला ३साठी काढली. विचेन्झाजवळचं ग्रिझिन्यानो दी झोक्को हे तिचं ठिकाण. १९९०मध्ये रोबेर्तो कोल्चागो आणि १९९८मध्ये डॉनी क्रेव्हल्स या टीमकडून इटालियन एफ-३चे चॅम्पियन झाले. पुढे फॉर्म्युला १ जिंकलेला जाक व्हिलनव्ह इटालियन एफ-३मध्ये हिच्याच गाडीत होता. २००३मध्ये एफ-३ युरो सिरीज सुरू झाली आणि तिचा पहिला चॅम्पियन रायन ब्रिस्को प्रेमाचा होता. २००५मध्ये कामुई कोबायाशीने फॉर्म्युला रेनॉचा युरोकप आणि इटालियन चॅम्पियनशिप असं दोन्ही एकाच हंगामात मिळवलं.

त्यानंतरचा काळ हा दावा करणारे कधी बघतच नाहीत. युरो सिरीजमध्ये २००४ ते २००९ अशी सलग ६ वर्षं दुसऱ्याच टीमचं राज्य होतं: फ्रान्सच्या एएसएमचं, म्हणजे पुढे जी एआरटी नावाने उतरली तिचं. जेमी ग्रीन, लुईस हॅमिल्टन, पॉल डी रेस्टा, रोमाँ ग्रोजाँ, निको हुल्केनबर्ग, ज्यूल बियांकी हे सगळे तिथले चॅम्पियन. २०१०चं विजेतेपद सिग्नेचरच्या एदोआर्दो मोर्ताराने नेलं. या ७ वर्षांत प्रेमा बंद पडली नाही, गाड्या उतरवत राहिली. मग २०११मध्ये रोबेर्तो मेर्ही चॅम्पियन झाला आणि २०१२मध्ये दानिएल हुंकादेयाने युरो सिरीज आणि युरोपियन एफ-३ असे दोन्ही किताब मिळवले. त्याच हुंकादेयाने २०११ची मकाव ग्रां प्रीही प्रेमाकडूनच जिंकली होती. तेव्हा लॅन्स स्ट्रॉल कार्टिंग करणारा शाळकरी मुलगा होता. तो गाडीच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरला २०१४मध्ये.

स्ट्रॉल कुटुंबाचा पैसा टीमकडे आला, त्याचा उपयोगही झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१६च्या युरोपियन एफ-३मध्ये लॅन्सने ३०पैकी १४ शर्यती जिंकल्या. पण त्याच हंगामात दुसरा आलेला मॅक्सिमिलियन ग्युंटरही प्रेमाच्याच गाडीत होता, आणि ग्युंटर काही स्ट्रॉल घराण्यातला नव्हता. पैशाने सिम्युलेटर येतो, चांगले इंजिनिअर टिकतात. ७ वर्षं हरत राहून पुन्हा वर येण्याची गोष्ट मात्र त्या पैशाच्या आधी घडलेली आहे.

“गाड्या एकसारख्या, मग टीम करते काय?”

या मुद्द्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

गाड्या एकसारख्या असतात हे बरोबर. एफ-२ आणि एफ-३मध्ये सांगाडा दलाराचा, इंजिन मेकाक्रोमचं, टायर पिरेलीचे. टीमला भाग स्वतः बनवता येत नाहीत. पण गाडी ट्रॅकवर जाते तेव्हा तिची पुढची-मागची उंची, स्प्रिंग, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी), डॅम्पर (धक्के शोषणारे), कॅम्बर आणि टो (चाकांचे कोन), विंगचा कोन आणि टायरमधली हवा हे सगळं टीमने ठरवलेलं असतं. आणि ते तपासायला वेळ किती? शर्यतींच्या आठवड्यात एकच सराव, ४५ मिनिटांचा. त्यानंतर थेट ३० मिनिटांची पात्रता फेरी. सरावात उत्तर शोधत बसणारी टीम तिथेच मागे पडते. कारखान्यातून निघतानाच गाडी जवळपास बरोबर असावी लागते.

त्यासाठीचं काम अगदी रोजचं आणि किचकट आहे. चारही चाकांखालचे वजनकाटे आधी पाणसळीत आणायचे. सीटमध्ये ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाची भर, टाकीत ठरलेलं इंधन, टायरमध्ये धावताना अपेक्षित असतो तेवढा दाब. अँटी-रोल बारच्या लिंक सोडवायच्या, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, आणि मग पुशरॉडची (चाकाचा भार स्प्रिंगपर्यंत नेणाऱ्या दांडीची) लांबी बदलत उंची आणि प्रत्येक कोपऱ्यावरचं वजन जुळवायचं. डाव्या पुढच्या कोपऱ्याचा पुशरॉड लांबवला की उजव्या मागच्या चाकावरचा भारही वाढतो. तिरक्या जोड्यांचं हे गणित बिघडलं तर ब्रेक लावताना पुढचं एकच चाक अडकतं आणि गाडी एका बाजूच्या वळणात पुढे सरकते, दुसऱ्या बाजूच्या वळणात मागून फिरते. ड्रायव्हर रेडिओवर ‘बॅलन्स नाही’ म्हणतो, इंजिनिअर विंगचा कोन बदलतो, आणि मूळ चूक पात्रता फेरी संपेपर्यंत सापडत नाही.

टायरच्या हवेचंही तसंच. सावलीत २५ अंश सेल्सिअसला १.२ बार (दाबाचं एकक) भरले आणि धावताना आतली हवा ९० अंशांवर गेली, तर गेज साधारण १.७ बार दाखवेल. तोच टायर पिटलेनमध्ये उन्हात ठेवला आणि ४० अंशांवर गेला, तर दाब उभ्या उभ्याच ०.१ बारने चढलेला असतो. मेकॅनिकने तो जास्तीचा समजून पुन्हा १.२वर आणला, की धावताना तो १.५५च्या आसपासच थांबतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण एवढ्या फरकाने गाडीचा स्वभाव बदलतो. म्हणून दाबासोबत टायरच्या तापमानाची नोंद ठेवणारी टीम आणि नुसता गेज बघणारी टीम यांत फरक पडतो. त्यात एफ-२ला टायर गरम करणारी ब्लँकेट चालत नाहीत. पात्रता फेरीत पिटमधून निघाल्यावर टायर किती फेऱ्यांत आणि किती वेगाने तापवायचे हे आधी ठरवावं लागतं: हळू गेलं तर पुढचे थंड राहतात, जोरात गेलं तर मागच्यांचा पृष्ठभाग शेवटच्या सेक्टरपर्यंत जास्त तापून घसरायला लागतो.

यात काय चुकू शकतं याचं उदाहरण खुद्द प्रेमाचंच आहे. २०१७मध्ये स्पा इथली एफ-२ची मुख्य शर्यत (आठवड्यातली मोठी शर्यत) शार्ल लेक्लेर्कने सहज जिंकली आणि तपासणीनंतर निकालातून त्याचं नाव काढलं गेलं. गाडीच्या तळाची फळी परवानगीपेक्षा जास्त घासलेली निघाली. गाडी जमिनीला जितकी जवळ तितकी पकड जास्त, म्हणून प्रत्येक टीम ती शेवटच्या मिलिमीटरपर्यंत खाली आणते. पण स्पाला ओ रूजच्या खोलगट भागात गाडी जोरात दबते, आणि टायर थंड असले तर कमी दाबामुळे ती आणखी खाली बसते. सीमेच्या इतक्या जवळ काम करणाऱ्या टीमला कधी कधी अशी किंमत मोजावी लागते. टीमच्या कामाने काहीच फरक पडत नसता तर हा प्रसंगही घडला नसता.

आता २०१६. प्रेमा पहिल्यांदाच जीपी-२मध्ये (एफ-२चं तेव्हाचं नाव) उतरली. तिथली गाडी २०११पासून वापरात होती, म्हणजे बाकीच्यांकडे ५ हंगामांचा डेटा आणि प्रेमाकडे शून्य. युरोपियन एफ-३मध्ये टायर हानकूकचे, इथे लवकर झिजणारे पिरेलीचे. तिथे पिट स्टॉप नव्हते, इथे मुख्य शर्यतीत टायर बदलणं सक्तीचं. त्या वर्षी पिएर गॅस्ली २१९ गुणांनी पहिला, अँतोनिओ जोविनात्सी २११ गुणांनी दुसरा आणि टीमचं विजेतेपदही प्रेमाचं. गॅस्लीने आदल्या वर्षी डॅम्स या टीमकडून जीपी-२चा पूर्ण हंगाम खेळूनही एक शर्यत जिंकली नव्हती. तोच ड्रायव्हर, त्याच प्रकारची गाडी, तेच टायर, बदलली फक्त टीम. ‘टीम काही करत नाही’ म्हणणाऱ्यांनी या हंगामाचं उत्तर द्यावं.

“त्यांना तयार ड्रायव्हर मिळतात”

यात तथ्य आहे. लेक्लेर्क, मिक शूमाकर, रॉबर्ट श्वार्त्समन, ऑलिव्हर बेअरमन हे फेरारीच्या (नवे ड्रायव्हर घडवणाऱ्या) अकादमीतले, फ्रेडरिक वेस्टी आणि किमी अँटोनेल्ली मर्सिडीजचे. जिंकणाऱ्या टीमकडे चांगले ड्रायव्हर येतात आणि त्यामुळे ती आणखी जिंकते. कोण कुणामुळे जिंकलं हे पूर्ण वेगळं काढता येत नाही, आणि प्रेमाच्या चाहत्यांनीही ते मान्य करायला हवं. पण ही सोय एकट्या प्रेमाची नाही. मॅक्लारेनने हाताशी धरलेल्या लँडो नॉरिसने २०१७चं युरोपियन एफ-३ कार्लिनकडून जिंकलं, मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलने २०१८चं एफ-२ एआरटीकडून.

“कुणीही बसवा, चॅम्पियन होतो”

२०१७मध्ये लेक्लेर्क एफ-२चा चॅम्पियन झाला, तरी टीमचं विजेतेपद रशियन टाइम या टीमने नेलं, कारण दुसऱ्या गाडीचे गुण पुरले नाहीत. २०१८मध्ये टर्बो इंजिनाची नवी गाडी आली. जागच्या जागी इंजिन बंद पडण्याने सगळ्यांच्याच सुरुवाती बिघडत होत्या, आणि प्रेमाचा निक डी व्रीस चौथा आला. पुढच्या वर्षी तो एआरटीकडे गेला आणि चॅम्पियन झाला, तर प्रेमाच्या गाडीत मिक शूमाकर १२वा. २०२० आणि २०२१मध्ये मिक आणि ऑस्कर पियास्त्री चॅम्पियन, दोन्ही वर्षी टीमही पहिली. २०२२मध्ये फेलिपे द्रुगोविच आणि एमपी मोटरस्पोर्ट. २०२३मध्ये वेस्टीचं विजेतेपद एआरटीच्या तेओ पुरशेरपुढे ११ गुणांनी हुकलं.

आणि २०२४. पुन्हा नवी गाडी, आणि प्रेमाच्या दोन गाड्यांत अँटोनेल्ली आणि बेअरमन. त्या मोसमात इतक्या गाजावाजाची जोडी दुसऱ्या कुठल्याच टीमकडे नव्हती. अँटोनेल्लीने सिल्व्हरस्टोनची स्प्रिंट (छोटी शर्यत) आणि हंगेरीची मुख्य शर्यत जिंकली, पण हंगाम सहाव्या क्रमांकावर संपवला. बेअरमन १२वा. त्याने जेद्दाहला पोल (पात्रता फेरीत पहिला क्रमांक) मिळवली होती, पण त्याच आठवड्यात फेरारीने त्याला फॉर्म्युला १च्या गाडीत बसवल्यामुळे तिथल्या शर्यती त्याला सोडाव्या लागल्या. तो आणि बाकूचा असे हुकलेले आठवडे वजा केले तरी दोघांचं वर्ष सांभाळलं जात नाही. चॅम्पियन झाला इन्व्हिक्टाचा गाब्रिएल बोर्तोलेतो.

नवी गाडी आली की ही टीम हमखास कोसळते असंही म्हणता येणार नाही. २०१९मध्ये एफ-३ची गाडी नवी होती आणि प्रेमाचे तिघे पहिले, दुसरे, तिसरे आले. तिथे प्रत्येक टीमला ३ गाड्या असतात. त्या एकमेव ४५ मिनिटांच्या सरावात तिन्ही गाड्यांवर वेगवेगळी मांडणी लावून रात्री डेटा एकत्र बघता येतो, आणि तिन्ही ड्रायव्हर वेगवान असतील तरच ती तुलना विश्वासाची ठरते. एफ-२मध्ये गाड्या दोनच, त्यामुळे चुकीच्या दिशेने गेलेली टीम उशिरा भानावर येते. टीमच्या तक्त्यात प्रेमा एफ-३मध्ये इतकी सातत्याने वर का दिसली, याचं बरंचसं उत्तर या तिसऱ्या गाडीत आहे.

अमेरिकेतही हेच: प्रेमाच्या गाडीत बसलं म्हणून यश हमखास नाही. २०२५मध्ये इंडिकार या तिथल्या मालिकेत नव्याने उतरलेल्या प्रेमाच्या श्वार्त्समनने इंडियानापोलिस ५००ची पोल मिळवली, सरासरी २३२.७९० मैल, म्हणजे ताशी सुमारे ३७४.६ किलोमीटर. १९८३मधल्या तेओ फाबीनंतर नवख्याने मिळवलेली ही पहिली पोल. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र पिटमध्ये येताना गाडी घसरून टीमच्याच माणसांवर गेली आणि त्याची शर्यत तिथेच संपली.

“जेहान तिथेही जिंकला नाही”

जिंकला. २०१९च्या एफ-३मध्ये जे तिघे पहिल्या तीनात आले त्यांतला तिसरा जेहान होता, श्वार्त्समन आणि मार्कस आर्मस्ट्राँगच्या मागे, दोन शर्यती जिंकून. म्हणजे ३० गाड्यांच्या ग्रिडवर त्याच्या पुढे होते ते फक्त त्याच्याच टीममधले दोघे. एफ-२मध्ये पहिला भारतीय विजय त्याने २०२०मध्ये साखीरला मिळवला, तो कार्लिनकडून. २०२२मध्ये तो प्रेमाच्या एफ-२ गाडीत आला तेव्हा शेजारच्या गाडीत आदल्या वर्षीचा एफ-३ चॅम्पियन डेनिस हाउगर होता. जेहानने मोंझाची मुख्य शर्यत जिंकली आणि हंगाम सातव्या क्रमांकावर संपवला, हाउगर दहावा. ड्रायव्हरची तुलना करायची तर आधी त्याच टीममधल्या दुसऱ्या गाडीशी करावी लागते, कारण यंत्र, इंजिनिअर आणि डेटा तिथेच समान असतात. त्या वर्षी या तुलनेत जेहान वरचढ होता, आणि त्या वर्षीची प्रेमाची गाडीच द्रुगोविचच्या एमपीला गाठणारी नव्हती.

जाता जाता आणखी एक. २०२३मध्ये अँटोनेल्लीने फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्टचं विजेतेपद मुंबई फाल्कन्सच्या नावाखाली मिळवलं. त्याचा ‘अस्सल भारतीय टीमचा विजय’ म्हणून अभिमान मिरवणारे आणि ‘प्रेमा म्हणजे नुसता पैसा’ म्हणणारे बऱ्याचदा तेच लोक असतात. ती टीम प्रेमासोबतच्या भागीदारीत उतरली होती. त्या विजेतेपदाचं श्रेय घ्यायचं असेल तर ग्रिझिन्यानोच्या मेकॅनिकांचा वाटा त्यातून वगळता येणार नाही.