गाडीचा नंबर कुठे पाठवताय? एकट्या प्रवासाच्या फॉरवर्डला उत्तर

बाईवरच्या अत्याचाराची एखादी मोठी बातमी आली की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हमखास येऊन पडतो. वर ‘एकट्याने प्रवास करणाऱ्या सर्व माता-भगिनींसाठी अत्यंत महत्त्वाचे’, खाली जोडलेल्या हातांची रांग. पाठभेद पुष्कळ आहेत, पण मजकूर साधारण असा: रिक्षा-टॅक्सीत बसताना तिचा नंबर अमुक मोबाइलवर एसएमएस करा, गाडीवर जीपीआरएसने नजर राहील. रात्री दहा ते सकाळी सहा पोलिसांना फोन करा, ते फुकट घरी सोडतील. नेटवर्क नसलं तरी ११२ लागतोच. रेल्वेत त्रास झाला तर १८२. तिकीट नसलं तरी एकट्या बाईला गाडीतून कोणी उतरवू शकत नाही. एटीएमवर कोणी धमकावलं तर पिन उलटा टाका, पोलीस धावत येतील.

पाठवणाऱ्या काकूंचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण पोरगी रात्री साडेअकराला रिक्षात बसते, त्या नंबरवर एसएमएस टाकते आणि आता आपल्यावर कोणाची तरी नजर आहे म्हणून निर्धास्त होते. पलीकडे कोणीच नसतं. म्हणून एकेक ओळ घेऊ.

एसएमएसची ओळ निव्वळ थाप नाही. २०१४च्या सुमारास मुंबई पोलिसांनी एमटीएनएलच्या साथीने अशी सोय खरंच सुरू केली होती. ती मुंबईपुरती होती आणि पुढे बंद पडली. फॉरवर्डमधून ‘मुंबई’ गळालं, साल गळालं, राहिला तो दहा आकडी नंबर. तो इथे मुद्दाम देत नाही. बंद पडलेला मोबाइल नंबर उद्या कोणाच्याही हातात जाऊ शकतो, आणि त्यावर आपण एकट्या कोणत्या गाडीत आहोत हे कळवणं म्हणजे आ बैल मुझे मार. शिवाय एसएमएसमध्ये जातं काय? एमएच १२ आणि पुढचे आकडे. त्यावरून गाडी कुठे आहे हे कोणालाही कळत नाही. त्यासाठी गाडीत यंत्र लागतं. १ जानेवारी २०१९पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी-बसना असं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं आहे, पण तीनचाकींना त्या नियमातून सूट आहे. म्हणजे ज्या रिक्षासाठी हा मेसेज सगळ्यात जास्त फिरतो, तिच्यातच ते असण्याची खात्री नाही.

करायचं ते साधं आहे. व्हॉट्सॲपवरून लाइव्ह लोकेशन एका माणसाला पाठवा. पन्नास जणांच्या ग्रुपवर नको, तिथे प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. तो एक माणूस जागा राहणार आहे ना, हे आधी विचारून घ्या. आणि लाइव्ह लोकेशनला पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असे तीनच पर्याय असतात. पुण्याहून रात्री नऊला नागपूरच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलात, तर पहाटे पाचला ते बंद पडतं, नेमकं बघणारा आणि तुम्ही दोघंही झोपेत असताना. नागपूर तेव्हा अजून लांब असतं. जेवायला गाडी थांबली की पुन्हा चालू करायचं, पॉवर बँक पायाशी ठेवलेल्या पिशवीत ठेवायची, डिकीत टाकलेल्या बॅगेत नाही. ॲपवरून बोलावलेल्या कॅबच्या बाबतीत आणखी एक: ‘तुम्ही अमुक मॅडमना घ्यायला आलात का?’ असं आपण विचारायचं नाही. ‘कोणाला घ्यायला आलात, दादा?’ असं विचारायचं. नाव त्याने सांगायचं. ओटीपी नंतर, आधी नंबरप्लेट.

फुकट घरी सोडण्याची ओळही अशीच वाट चुकलेली आहे. डिसेंबर २०१९मध्ये, हैदराबादला डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला त्या घटनेनंतर, पंजाबातल्या लुधियाना पोलिसांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही सोय जाहीर केली. मेसेजमध्ये वेळ तीच आणि मोबाइल नंबरही लुधियानाचाच, फक्त गावाचं नाव गायब. त्याच सुमारास नागपूर पोलिसांनीही आपल्या शहरापुरती अशी घोषणा केली होती. एकेका शहराने एकेका वेळी केलेल्या घोषणांची देशभर हक्काने मिळणारी सेवा झाली ती फॉरवर्डमध्येच. सोलापुरात रात्री एकला अडकलेली मुलगी लुधियानाचा नंबर फिरवत बसली, तर जी दहा मिनिटं हाताशी असतात तीच वाया जातात.

तिने ११२ लावावा. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी देशभर हाच एक नंबर आहे. ११२ ही टॅक्सीसेवा नाही, पण ‘मी अमुक स्टँडबाहेर एकटी आहे, एक गाडी दोनदा वळसा घालून गेली’ हे सांगायला काही घडून जावं लागत नाही. पुष्कळ जणी इथेच अडखळतात: अजून काही झालेलं नाही, उगाच पोलिसांना कशाला? झालेलं नाही म्हणूनच लावायचा. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीन वेळा दाबलं तरी ११२ लागतो, साध्या फोनवर ५ किंवा ९चं बटण दाबून धरायचं. काही फोनना पाच वेळा दाबावं लागतं. आपला फोन काय करतो हे आज सेटिंगमध्ये शिरून बघून ठेवा.

‘नेटवर्क नसलं तरी ११२ लागतो’ यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच घातक. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल, तर इमर्जन्सी कॉल त्या दुसऱ्या कंपनीवरून जातो. कोणाचीच रेंज नसेल तर काहीही लागत नाही. एकटीने घाटवाटा उतरणाऱ्या मुली आता कमी नाहीत. दरीत उतरल्यावर सगळ्याच कंपन्या एकदम गप्प होतात. तिथे उपयोग होतो तो पायथ्याच्या गावात सांगून ठेवलेल्या वेळेचा: ‘मावशी, पाचपर्यंत खाली आले नाही तर या नंबरवर फोन करा.’ कागदावर लिहून द्यायचं, तोंडी नाही.

आता मेसेजमध्ये जे नाहीच, त्याबद्दल. या सगळ्या फॉरवर्डमधला धोका एकाच साच्याचा असतो: रात्र, सुनसान रस्ता, अनोळखी ड्रायव्हर. २५ फेब्रुवारी २०२५ला पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकात झालं ते सकाळी पावणेसहाच्या सुमाराला, माणसं असलेल्या जागी. पोलिसांकडच्या तक्रारीनुसार, एक तरुणी गावाकडच्या गाडीची वाट बघत होती. एका माणसाने तिला ताई म्हणून हाक मारली, कुठे जायचंय ते विचारलं आणि तुमची गाडी पलीकडे लागलीय असं सांगून उभ्या असलेल्या शिवशाहीकडे नेलं. त्या बसमध्ये तिच्यावर बलात्कार झाला. यात तिचं काय चुकलं याची चर्चा तेव्हा ग्रुपाग्रुपांवर झाली, आणि ती वाचून अंगाचा तिळपापड झाला होता. एसटी स्टँडवर कोणी ‘गाडी तिकडे लागलीय’ सांगितलं तर आपण सगळेच जातो. स्टँडचा व्यवहार वर्षानुवर्षं तसाच चालत आलाय.

म्हणून स्टँडवरच्या दोन गोष्टी. गाडी कुठल्या फलाटाला लागली हे चौकशीच्या खिडकीतल्या कंट्रोलरला विचारायचं, गाडीजवळ घुटमळणाऱ्या माणसाला नाही. आणि ज्या बसमध्ये दिवा नाही, काचेला पाटी नाही, आत दुसरे प्रवासी नाहीत, तिच्यात ‘आधी बसून घ्या, जागा जाईल’ म्हटलं तरी चढायचं नाही. जागा गेली तर जाऊ दे, पुढची गाडी आहे. यात डेपोची जबाबदारी माफ होत नाही. दिवे लावणं, उभ्या बसची दारं बंद ठेवणं, रखवालदार ठेवणं हे प्रवासी बाईने फॉरवर्ड वाचून करायचं काम नव्हे.

१८२चा निकाल एका ओळीत लागतो: हा नंबर १ एप्रिल २०२१पासून १३९मध्ये विलीन झाला. रेल्वेत १३९ लावा. साखळी ओढायला बायका दंडाच्या पाटीमुळे कचरतात, पण कायद्यात शिक्षा आहे ती पुरेशा कारणाविना ओढल्याबद्दल. डब्यात कोणी अंगावर येत असेल तर त्याहून पुरेसं कारण कोणतं? आणि लांबच्या गाडीत सुरुवातीच्या स्टेशनवर आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या महिला पोलीस येऊन आसन क्रमांक टिपून घेऊ लागल्या, तर संशयाने बघू नका. ‘मेरी सहेली’ नावाचा हा उपक्रम ऑक्टोबर २०२०पासून देशभर आहे, आणि एकटीने प्रवास करणाऱ्यांसाठीच आहे.

विनातिकीट बाईला उतरवता येत नाही, हे वाक्य कायद्यातूनच उचललंय, फक्त मधूनच तोडलंय. रेल्वे कायदा १९८९, कलम १३९. (हेल्पलाइनचा आकडाही १३९च, हा योगायोग.) सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा मुलाला उतरवायचंच झालं तर ते तिचा प्रवास सुरू झाला त्या स्टेशनवर, जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि फक्त दिवसा. रात्री अडीचला कुठल्यातरी आडस्टेशनवर उतरवायला निघाले तर हे कलम सांगा. पण दिवसाउजेडी मनमाड जंक्शनला उतरवलं तर ते कायद्याला धरूनच आहे, आणि दंड कुठेही चुकत नाही.

उलट्या पिनबद्दल फार लिहायची गरज नाही. अशी सोय आपल्याकडच्या कुठल्याही एटीएममध्ये नाही. ज्यांचा पिन २३३२ आहे त्यांनी काय करायचं, एवढा एकच प्रश्न पुरे. धमकावलं तर पैसे देऊन टाका, सुटल्यावर ११२ आणि मग बँकेला कार्ड बंद करायला फोन.

एकट्या प्रवाशाला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट मात्र या फॉरवर्डमध्ये मी कधीच पाहिली नाही. प्रवासात काही घडलं की पहिलं उत्तर मिळतं: ‘हे आमच्या हद्दीत येत नाही.’ घटना चालत्या गाडीत, कुठल्या तालुक्यात ते बाईला माहीत नाही, आणि दोन ठाणी तिला एकमेकांकडे पाठवतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ने हे उत्तर बंद केलंय. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्द कोणाचीही असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ती त्या ठाण्याने पुढे योग्य ठाण्याकडे पाठवायची असते, तुम्ही नाही. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. नोंदवायला नकार दिला तर तक्रार लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. आणि बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यात तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. ठाण्यात टाळाटाळ सुरू झाली की हे कलम नंबरासकट, आवाज न चढवता सांगायचं.