‘बँकेने पाहिलंय ना, मग वकील कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पहिला फ्लॅट घेताना विचारायच्या कायदेशीर प्रश्नांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने कागद तपासलेले असतात, रेरा नंबर (गृहप्रकल्पांच्या रेरा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक) म्हणजे सरकारने तपासलेलं असतं, मग तेच तिसऱ्यांदा तपासायला वकील लावा म्हणणं हा आम्हा वकिलांचा धंदा. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला) नसलेल्या इमारतींत हजारो माणसं सुखाने राहतात. फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) सक्तीची आहे हे मी लिहिलं ते चूक. आणि तुम्ही स्वतः दोन वर्षांपूर्वी वकील न लावता जुना फ्लॅट घेतलात, काही बिघडलं नाही.

एनओसीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला फ्लॅट विकण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. विक्रीचा इरादा कळवणारी नोटीस आणि ठरलेले अर्ज द्यायचे, एवढंच. फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते त्या हस्तांतरणाच्या प्रीमियमलाही सरकारने कमाल २५,००० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. त्यावरची रक्कम ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागतात, आणि ती किती ऐच्छिक आहे ते सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर दिसतं. गहाणासाठी बँक सोसायटीचं पत्र मागतेच. रोज तेच पाहून व्यवहारातली गरज आणि कायद्यातली सक्ती माझ्या डोक्यात एक झाली. लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र भांडू.

कर्जाचं मंजुरीपत्र घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी त्याच्या अटींचं पान उघडतो. तिथे बारीक अक्षरांत ‘कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन’ अशा अर्थाचं वाक्य बहुतेक वेळा असतं. म्हणजे बँकेने तोवर तुमचा पगार पाहिलेला असतो, सिबिल पाहिलेलं असतं. फ्लॅटचे कागद अजून उघडलेलेही नसतात. आपण मात्र त्या पत्राच्या भरवशावर टोकन देऊन मोकळे झालेलो असतो.

पुढे बँकेचा वकील कागद पाहतो हे खरं, आणि सहसा नीटच पाहतो. पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो: या मिळकतीतून बँकेचं कर्ज वसूल होईल का? विकणाऱ्याने मेंटेनन्स किती थकवलाय, दाखवलेलं पार्किंग सोसायटीच्या दफ्तरी खरंच त्याच्या नावावर आहे का, करारातलं दंडाचं कलम एकतर्फी आहे का, यात त्याने डोकं का घालावं? मालकीत खोट निघाली तरी कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं. फ्लॅट गेला म्हणून हप्ता थांबत नाही. आणि गंमत म्हणजे तपासणीचा खर्च तुमच्याकडून घेतात, पण अहवाल आपणहून दाखवत नाहीत. मागून बघा.

एक प्रसंग सांगतो, ओळखीच्या सगळ्या खुणा काढून. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे, जुन्या सोसायटीतला फ्लॅट पसंत पडलेला, बँकेचं पत्र आलेलं, टोकन दिलेलं. फाइलमध्ये शेअर सर्टिफिकेटची (सोसायटी सभासदाला देते त्या भाग-प्रमाणपत्राची) झेरॉक्स होती, फक्त पुढच्या बाजूची. मी म्हटलं, मागची बाजू आणा. मागे हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता असतो. शेवटच्या ओळीत विकणाऱ्याचं नाव होतं आणि पुढे निळ्या शाईत एकच शब्द: ‘नॉमिनी’.

फ्लॅट मूळ वडिलांचा. मृत्युपत्र नाही. वडील गेल्यावर थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून चढलं, आणि तेरा वर्षं मेंटेनन्स भरून त्याला प्रामाणिकपणे वाटू लागलं की आपणच मालक. माणूस अजिबात लबाड नव्हता. पण नॉमिनी हा सोसायटीपुरता विश्वस्त असतो, मालकी वारसांची. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तर नॉमिनीला स्पष्टच ‘तात्पुरता सभासद’ म्हटलंय. इथे वारसांत एक बहीण होती, आणि गेलेल्या धाकट्या भावाची बायको व मुलगी. मुलगी नुकतीच अठरा पूर्ण झालेली. ती अज्ञान असती तर तिचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी काढावी लागली असती. बहिणीने हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) नोंदवून दिलं. वहिनीने हिस्सा मागितला, आणि तो तिचा हक्कच होता. चार महिन्यांनी सगळ्यांच्या सह्यांनी व्यवहार झाला.

बँकेच्या वकिलानेही तो शब्द बहुधा पकडला असता, मान्य. पण कधी? टोकन देऊन झाल्यावर, राहत्या घराच्या मालकाला सोडायची नोटीस देऊन झाल्यावर. माझा सगळा आग्रह या ‘कधी’साठी आहे. टोकनच्या पावतीवर ‘मालकी निर्वेध न आढळल्यास रक्कम परत’ एवढं एक वाक्य लिहून घ्या, मग वकील पुढच्या आठवड्यात लावलात तरी चालेल.

आता रेरा. २०१६ चा हा कायदा खरेदीदाराच्या बाजूचा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घ्यायची नाही. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात रचनेचा दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण नोंदणी क्रमांक म्हणजे जमिनीच्या मालकीचं प्रमाणपत्र नव्हे. मालकीचा अहवाल बिल्डरने नेमलेल्या वकिलाचाच असतो. रेराचं प्राधिकरण, आपल्याकडे महारेरा, तो तुमच्यासमोर उघडा ठेवतं. वाचायचं काम तुमचं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून मी तीन गोष्टी आधी बघतो. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी) नेमकं कितव्या मजल्यापर्यंत आहे? जमिनीवर कुणाच्या कर्जाचा वा गहाणाचा बोजा आहे? पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकललीय? सीसी दहा मजल्यांपर्यंत आणि तुम्हाला दाखवलेला फ्लॅट चौदाव्यावर, असं असेल तर तुमचं घर अजून फक्त नकाशात आहे.

आणि तुम्ही तर जुना फ्लॅट घेतलात. १ मे २०१७ च्या आधी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींना रेराची नोंदणीच लागत नाही. त्यामुळे जुन्या फ्लॅटच्या बाजूने रेराचा मुद्दा मांडणं म्हणजे दुसऱ्याच्या छत्रीखाली उभं राहून आपण कोरडे म्हणणं.

ओसीचा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात दमदार. खरंच, भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतींत माणसं राहतात, मुलं मोठी होतात, लग्नं होतात. ‘ओसी नाही तर घेऊच नका’ हा माझा सूर हस्तिदंती मनोऱ्यातला होता, कबूल. बजेट तेवढंच असतं आणि त्या बजेटमध्ये तेच मिळतं. मग निदान किंमत कळून घ्या. मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण बघा. सभासदांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, ओसी मिळालं नाही. परिणामी मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा दराने भरत राहिले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं: ओसी मिळवून न देणं ही सतत चालू राहणारी चूक आहे, म्हणून मुदत संपली असं म्हणता येत नाही. निकाल चांगला, पण १९९७ आणि २०२२ मधलं अंतर मोजा. तेवढ्यात गृहकर्ज फिटतं.

म्हणून ओसी नसेल तर ते का नाही हे महापालिकेत जाऊन विचारा. शुल्क भरायचं राहिलंय, की मंजुरीपेक्षा दोन मजले जास्त चढवलेत? पहिलं निस्तरता येतं. दुसऱ्यात भावात सूट मिळाली तरी मी पडणार नाही, मग तुम्ही मला भित्रा म्हणा.

जाता जाता पार्किंगबद्दलही. उघडी पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही. छप्पर असलेली जागा रेराखाली विकता येते, पण ती करारात आकड्यासह हवी. तोंडी पार्किंग म्हणजे वाऱ्यावरची वरात.

राहता राहिला तुमचा स्वतःचा अनुभव. काही बिघडलं नाही याचा मनापासून आनंद आहे. पण मालकीतली खोट राहताना दुखत नाही. ती विकताना दुखते, कर्ज दुसऱ्या बँकेत हलवताना दुखते, नाहीतर इमारत पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरच्या वकिलाने साखळीतले सगळे करार मागितले की दुखते. दोन वर्षं हा फार लहान काळ आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘इंडेक्स टू माझ्या नावावर आहे, विषय संपला.’ इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा, सांगतो की अमुक तारखेला अमुक दस्त नोंदला गेला. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता का, हे त्यात नसतं; ते तपासणं हे दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाचं काम नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलंय. तुमच्या आधीच्या खरेदीदारांचे करार एकेक करून नोंदलेले आहेत का, त्यांच्या मूळ प्रती आता बँकेकडे जमा आहेत का, हे बघून घ्या. बँकेने घेतलेल्या कागदांची यादी सही-शिक्क्यानिशी तुमच्याकडे हवी.

आणि शेअर सर्टिफिकेट काढा. मागच्या बाजूला शेवटच्या ओळीत तुमचं नाव चढलंय का, आणि त्याच्या वरच्या ओळीत काय लिहिलंय, ते इथेच कळवा.