होटगीच्या मागे डोंगर का नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सोलापूरजवळच्या होटगी स्टेशनच्या माझ्या छोट्या रेल्वे मॉडेलमागचा रंगवलेला पडदा फिकट, धुतल्यासारखा वाटतो. मागे डोंगर हवे होते. छापील फ्लेक्स लावला असता तर मेहनत वाचली असती. आणि झाडांच्या सावल्या चुकल्यात, असं तुम्ही लिहिलंय.

सावल्यांचं अगदी बरोबर. ट्यूबलाइट उजवीकडे आहे. मॉडेलमधल्या बाभळींची सावली त्यामुळे डावीकडे पडते, आणि मी रंगवलेल्या कडुलिंबांची मात्र उजवीकडे! महिनाभर समोर बसून मला ते दिसलं नाही. ती पट्टी पुन्हा रंगवतो.

डोंगर मात्र घालणार नाही. घाट तुमच्या पुण्याकडचा. आमच्याकडे ज्वारीची रानं, बांधावर बाभळी आणि वर आभाळ. माझा देखावा १९९०च्या दशकाअखेरचा आहे, होटगीहून कर्नाटकातल्या गदगकडे जाणारी लाइन मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची होती तेव्हाचा.

आता फिकटपणा. मॉडेल १:८७ प्रमाणातलं. बोर्ड अडीच फूट रुंद, म्हणजे प्रत्यक्षातले जेमतेम ६६ मीटर. रूळ, फलाट, गुडशेड झाले की जागा संपली. पुढची कित्येक किलोमीटरची रानं पडद्यावरच्या वीतभर पट्टीत बसवायची असतात. मधल्या हवेत उजेड विखुरतो, म्हणून लांबची झाडं निळसर आणि फिकी दिसतात. क्षितिजालगत आपण सगळ्यांत जास्त हवेतून बघतो, म्हणून तिथलं आभाळ पांढरट. त्यात फाल्गुनातली धूळ. म्हणून प्रत्येक मागच्या ओळीच्या रंगात मी आभाळाचा रंग वाढवत गेलो. शेवटच्या बाभळींना फांदी नाही, पान नाही, नुसता स्पंजचा ठसा. काळ्या रानालाही काळा रंग वापरलेला नाही. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळलाय.

पहिल्यांदा मी डब्यातला निळा तसाच लावला होता. त्याच्यासमोरून निळ्या डब्यांची गाडी गेली की डबे आभाळात हरवायचे. पडद्याने मागे राहायचं असतं, नजर गाडीवर राहिली पाहिजे.

फ्लेक्स चमकतो, ट्यूबलाइटचा पट्टा त्यात दिसतो. शिवाय फोटोतलं ऊन फोटोच्या दिशेचं आणि क्षितिज फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीचं. मी खुर्चीत बसून गाडी चालवतो. तेव्हा माझे डोळे रुळांपासून सहा इंच वर असतात, क्षितिज तिथंच रंगवलंय. तुम्ही पाहिलेला फोटो मी उभ्याने काढला होता. त्यामुळे रानं खाली दबलेली दिसतात, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

सावल्या झाल्या की बसल्या उंचीवरून नवा फोटो टाकतो. त्यात बाभळींची तिसरी ओळ पुढे आल्यासारखी वाटली तर जरूर लिहा. मलाही ती अजून थोडी गडदच वाटते.